होतकरू गोलंदाजाची पारख

संपादक महाशय,

नवोदित वेगवान गोलंदाजाची योग्यता पहिल्या हंगामातील बळींवरूनच मुक्रर करावी, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अमान्य आहे. वलनीच्या कोळसा-खाणकामगाराचा पुत्र उमेश यादव, ज्याच्या हाती विशीच्या सुमारास प्रथमच लेदरचा चेंडू आला, तो २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी सामन्यात उतरला, २०११ मध्ये कसोटी खेळला आणि पुढे १७० कसोटी बळींचा धनी झाला. त्याच्या प्रारंभीच्या आकड्यांचे दप्तर चाळून हे भाकीत कोणी केले असते? वेग उपजत असावा लागतो, टप्पा व दिशा अभ्यासाने साधतात. म्हणून मार खाल्ल्यानंतरचे षटक मुलगा कोणत्या बुद्धीने टाकतो, हेच परीक्षकाने न्याहाळावे. पातूर-बाळापूरकडील मुलांनाही निवडकर्त्यांनी किमान दोन हंगामांची मुदत द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, पातूर