विश्लेषण : दुपारी मोसंबी मलूल दिसली म्हणून मोटार चालू करायची?

एप्रिल लागला की अंबड, घनसावंगी, पैठण पट्ट्यात एकच विषय असतो, बाग जगवायची कशी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या किती बागांवर कुऱ्हाड चालली हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून शेततळी, ठिबक, टँकर यावर भरपूर बोलणं झालं. पण विहिरीतून उपसलेलं पाणी शेवटी जातं कुठे, यावर फारसं कोणी बोलत नाही.

ते जातं पानातून. मुळांनी १०० लिटर पाणी ओढलं तर त्यातलं ९५ लिटरच्या वर पानांवाटे वाफ होऊन हवेत जातं. झाडाच्या अंगात राहतं ते अगदी थोडं. मग झाड ही उधळपट्टी करतं कशाला? कारण पानाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं म्हणतात त्यांना. मोसंबीत ती पानाच्या खालच्या बाजूला असतात. अन्न तयार करायला लागणारा कार्बन वायू याच दारातून आत येतो आणि दार उघडलं की पाणी बाहेर पडतं. शिवाय वाफ होताना पान थंड राहतं, हा दुसरा फायदा.

या दाराला दोन पहारेकरी पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडतं, ढिल्या पडल्या की मिटतं. जमीन कोरडी पडायला लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि दार मिटायचा निरोप जातो. म्हणजे झाड मुकाट्याने पाणी सोडत बसत नाही, ते स्वतः हिशेब करतं.

खरी गफलत होते ती दुपारी. हवा ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर पानाला एक ओढ असते. तीच हवा ४२ अंशांवर जाऊन आर्द्रता १५ टक्क्यांवर आली की ओढ तिपटीहून जास्त होते. मुळाशी ओल असली तरी तेवढ्या वेगाने पाणी वर चढत नाही. पानं वळतात, मलूल होतात, झाड दारं मिटून घेतं. आपल्याला वाटतं, झाड तहानलं, सोडा पाणी!

ही सवय आता जास्त महाग पडणार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि एकेका फीडरवर दिवसा वीज मिळू लागली. रात्री साप-बिबट्याच्या भीतीत बारे देण्यापेक्षा हे हजारपटीने बरं, यात वाद नाही. पण ऐन दुपारी वीज हाताशी आणि समोर मलूल झाड, असं असल्यावर बटण दाबलं जातंच. काळ्या जमिनीत गरजेपेक्षा जास्त पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं काम थांबवतात आणि झाड ओल्यातही मलूल दिसतं. ते बघून आणखी पाणी. डिंक्याला आमंत्रण ते हेच.

मग ओळखायचं कसं? सकाळी दिवस उगवताना बागेत जा. रात्रीतून पानं ताठ झाली असतील तर मुळाशी ओल आहे, दुपारचं मलूल होणं हे झाडाचं स्वतःला सांभाळणं होतं. पहाटेही पान वळलेलंच असेल तर वीतभर माती उकरून हातात दाबून बघा. कोरडी असेल तर झाड खरंच तहानलंय. ओली असेल तर रोग मुळाशी आहे, पाणी बंद.

हिशेबही अवघड नाही. समजा झाडाचा घेर ४ मीटर आहे, म्हणजे साधारण साडेबारा चौरस मीटर. दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडत असेल तर त्या झाडाला ७५ लिटर लागतात. ड्रिपर तासाला किती सोडतो हे बादली लावून मोजलं की मोटार किती वेळ चालवायची ते कळतं.

पाचटाचं आच्छादन जरूर करा, पण ते मातीतली वाफ अडवतं, पानातली नाही. केओलिनचा पांढरा फवारा ऊन परतवतो, त्याने पान थंड राहतं. दारंच बंद करणाऱ्या औषधांबाबत मात्र सावध राहावं, कारण दार बंद म्हणजे झाडाचं जेवणही बंद. डाळिंब-मोसंबी सोडून ड्रॅगन फ्रूटकडे वळलेल्यांचं गणित वेगळं आहे. ते निवडुंगाच्या जातीचं, रात्री दार उघडणारं, म्हणून कमी पाण्यात निभावतं.

प्रश्न एवढाच की आज आपल्या तालुक्यात किती मिलिमीटर उडालं, हे शेतकऱ्याला सांगणार कोण? मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो जिल्ह्याचा. तालुक्याचा सल्ला देण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभी केलेली देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. सौर फीडरवर कोट्यवधी खर्च होत असताना हा खर्च जड का वाटावा, हे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना कोणीतरी विचारायला हवं.