दहावीच्या फलकावरून शाळा मोजू नका

दहावीचा निकाल लागला की मीरा-भाईंदरमध्ये खांबाखांबावर फलक चढतात. वर 'शंभर टक्के निकाल', खाली गुणवंतांचे पासपोर्ट फोटो. पहिलीचा प्रवेश शोधणारा पालक हे फलक वाचत हिंडतो, पण त्याचा निवाडा बहुधा आधीच झालेला असतो: खासगी ती चांगली, पालिकेची ती नाइलाजाची. हा निवाडा ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावाच खोटा आहे, असं माझं म्हणणं.

पूर्वपक्ष आधी नीट ऐकून घेऊ. पहिला मुद्दा निकालाचा: खासगीचा निकाल चांगला, म्हणून शाळा चांगली. मुलांची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश द्यायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ची बंदी आहे, हे खरं. पण फीचा आकडा चाळणीचं काम मुकाट्यानं करतोच की! घरी पुस्तकं असलेली, संध्याकाळी क्लासला जाणारी, आईवडील शिकलेले असलेली मुलं एका शाळेत गोळा करायची आणि त्यांच्या गुणांचं श्रेय इमारतीला द्यायचं, हा कुठला हिशेब? अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालानं लाखो विद्यार्थी तपासले, तेव्हा मुलाच्या यशामागे शाळेतल्या सोयींपेक्षा घरची परिस्थितीच जास्त बोलते, असं दिसलं.

अमेरिका लांब वाटत असेल तर आंध्र प्रदेश घ्या. तिथे चिठ्ठ्या टाकून काही सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली आणि चार वर्षं त्यांची प्रगती पाहिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नशिबानं खासगीत गेलेली मुलं तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतच राहिलेल्यांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र होती, कारण सरकारी शाळांत तो विषय त्या वयात शिकवतच नव्हते. आणखी एक गोष्ट कबूल करायलाच हवी: खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे सरकारी शाळा कमी शिकवते हा आरोप टिकत नाही; पैशाच्या मानानं कमी शिकवते, हा टिकतो. पालिकेच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हा घोट गिळलाच पाहिजे.

दुसरा मुद्दा पटाचा. पालकच पाठ फिरवतात, मग अजून कोणता पुरावा हवा? पण पालक पालिकेच्या नावाला विटलेले नाहीत. शेजारच्या मुंबईत महापालिकेनं स्वतःच्या सीबीएसई शाळा काढल्या, तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांग लागली. तिथेही शिक्षक सरकारीच होते.

उलट सरकारचाच स्वतःच्या शाळांवर विश्वास किती, ते २०२४ साली दिसलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही, असा नियम फेब्रुवारीत आला. उच्च न्यायालयानं तो जुलैत रद्द केला, ते योग्यच झालं. शेजारची शाळा सुधारायची नाही आणि गरिबाला मात्र तिथेच जा म्हणायचं, ही कुठली रीत?

आता दुसऱ्या बाजूचे लोक. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. भाषेचा आग्रह मला मान्य आहे. पण मराठी शाळेची थोरवी व्यासपीठावर गाणाऱ्या किती पुढाऱ्यांची नातवंडं पालिकेच्या वर्गात बसतात? भावनेनं पट वाढत नाही.

मग तुलना करायची कशी? आधी हे शहर पाहा. १९९१च्या जनगणनेत पावणेदोन लाखांची वस्ती, २०११ला आठ लाखांवर. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा माध्यमांच्या. उत्तन, राई, मुर्ध्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आगरी-कोळी घरांतली मुलं. काशिमिऱ्याकडे, पेणकरपाड्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की दाखला काढून नायगावला जाणारी मुलं. अशा दोन वस्त्यांतल्या शाळांची मार्चमधली सरासरी शेजारी-शेजारी मांडणं हा निव्वळ अन्याय आहे. जूनमध्ये आलेलं मूल मार्चपर्यंत किती पुढे सरकलं, ते मोजा. तिसरीच्या वर्गातली किती मुलं अडखळल्याविना परिच्छेद वाचतात, किती जणांना हातच्याची वजाबाकी येते, ते विचारा. मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी 'असर'ची पाहणी ग्रामीण भागापुरती असल्यानं आपल्या शहराला तो आरसाही नाही. महापालिकेनं ही माहिती शाळावार जाहीर करावी, यात अवघड काहीच नाही.

मुलांइतकंच शिक्षकांचंही मोजा. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. तुमच्या शाळेत आहे का? जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये, असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं. वर्षभरात गुरुजी किती दिवस वर्गाबाहेर होते, याचा हिशेब ठेवला जातो का? निकालाच्या फलकापेक्षा हे आकडे शाळेबद्दल कितीतरी जास्त सांगतात.

हे विचारण्याचं ठिकाणही कायद्यानंच दिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या महिला. तेव्हा मीरा-भाईंदरच्या पालकांनो, प्रवेश घ्या किंवा घेऊ नका, पण घराजवळच्या पालिका शाळेत एकदा जा, मुख्याध्यापकांना या समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारा, आणि तारीख मिळाली नाही तर तसं लेखी महापालिकेच्या शिक्षण विभागाला कळवा.