पाणथळींना वाली कोण?

उज्जैनच्या फ्रीगंज भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथून पूल ओलांडून जुन्या नगरीत गेले की रुद्रसागर, विष्णुसागर, गोवर्धनसागर आदी सप्तसागर लागतात. अधिक मासात भाविक त्यांची यात्रा करतात. पण यांतील काही तळ्यांचे काठ वस्तीने केव्हाच गिळले आहेत. २०२८ चा सिंहस्थ आता जवळ आला आहे. रस्ते, वाहनतळ, निवारे यांना जागा हवी, आणि सखल मोकळी जमीन योजनाकारांच्या डोळ्यांत प्रथम भरते.

अशा जमिनीचे रक्षण कोणी करावयाचे? २०१० च्या नियमांत केंद्रीय प्राधिकरण होते. २०१७ च्या नियमांनी ते मोडीत काढून कारभार राज्यांकडे दिला. रामसर यादीतील सरोवरांना हे नियम आपोआप लागू होतात. इंदूरचे सिरपूर २०२२ मध्ये त्या यादीत गेले. इतर तळ्यांना मात्र अधिसूचना निघेपर्यंत या नियमांचे कवच नाही. शिवाय सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २.२५ हेक्टरांहून मोठ्या पाणथळींना २०१७ मध्ये आधार दिला, त्यामुळे काही अनर्थ टळला. लहान तळ्यांना तोही आधार नाही.

राज्यांना अधिकार देण्यास आमचा विरोध नाही. गावचे तळे दिल्लीपेक्षा गावालाच अधिक ठाऊक असते. परंतु प्रकल्पाची जागा निवडणारे आणि तेथे पाणथळ आहे की नाही हे ठरविणारे सरकार एकच असेल, तर तळ्याची बाजू मांडणार कोण? पुढे भांडण न्यायालयात जाते. नव्या मुंबईतील पाणथळीवरचे गोल्फ मैदान २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अडविले. वाद तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा लढाईत तळे वर्षानुवर्षे टांगणीला लागते आणि प्रकल्पाचाही पैसा अडकतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना पाणथळींची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांच्या सीमा आखण्यास बजावले. हे काम आधी झाले पाहिजे, जागेची निवड नंतर. नकाशावर तळे आधी उमटले, तर रस्ता वळवता येतो. रस्ता आधी उमटला, तर तळे कोठे वळवणार?