मोडलेला पाय आणि पहिला तास

येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, तसे पायही पाहते. नळीवरून हात फिरवते, घोडा चालवून, पळवून बघते. पाय गेला की घोडा गेला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे. शर्यतीच्या मैदानावरही हाच समज रूढ आहे. पाय मोडलेल्या घोड्याभोवती पडदा धरला जातो आणि थोड्या वेळात सारे संपते, असे चित्र प्रेक्षकांच्या मनात घट्ट बसलेले आहे. हा समज निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा भाग शस्त्रक्रियेने गेल्या अर्धशतकात खोटा ठरविला आहे. मात्र त्याचा लाभ कोणत्या घोड्याला मिळतो, हा प्रश्न नाशिक जिल्ह्याने आताच विचारायला हवा.

शर्यतीच्या घोड्याचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो असते. त्यातील सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि भरधाव दौडीत एकेका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक ताण येतो. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि वर पातळ कातडी. त्यामुळे मोडलेल्या हाडाचे टोक सहज कातडी फाडून बाहेर येते, जखमेत माती जाते आणि रक्तपुरवठा बेताचाच असल्याने जंतुसंसर्ग हटत नाही. माणसाला सहा आठवडे खाटेवर झोपवून ठेवता येते. घोड्याला तसे ठेवता येत नाही, तो उभाच राहणार.

तरीही प्रत्येक मोडलेले हाड म्हणजे मृत्यूची शिक्षा नव्हे. नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला गेलेली सरळ भेग स्क्रूने आवळली, तर अनेक घोडे पुन्हा शर्यतीत उतरतात. सांध्यातील हाडाचा टवका दुर्बिणीतून काढता येतो. १९७१ ची इंग्लिश डर्बी जिंकणाऱ्या मिल रीफचा पुढचा डावा पाय १९७२ मध्ये सरावात मोडला. धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून तो वाचविण्यात आला. तो पुन्हा धावला नाही. परंतु त्याच्या वंशातून शर्ली हाइट्स आणि रेफरन्स पॉइंट हे दोन डर्बीविजेते निपजले. अर्थात, येथे एक व्यवहारही आहे. ज्याच्या वंशाला किंमत आहे, त्याच्या पायावर खर्च होतो. खच्ची केलेल्या घोड्याचा हिशेब वेगळा असतो.

या शास्त्राची मर्यादा बार्बरोने दाखविली. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेल्या या घोड्याचा मागचा उजवा पाय २० मे २००६ रोजी प्रीकनेस शर्यतीत मोडला. हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये दुसऱ्या दिवशी पट्टी आणि २७ स्क्रू बसविण्यात आले. भूल उतरताना घोडा घाबरून उठण्याची धडपड करतो आणि जोडलेले हाड पुन्हा मोडून घेतो. म्हणून त्याला तराफ्याच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवून शुद्धीवर आणले गेले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. दगा दिला तो दुसऱ्या पायाने. दुखरा पाय टेकवत नाही म्हणून घोडा सारा भार धडधाकट पायावर टाकतो. खुराच्या आतील रक्ताभिसरण पाय उचलण्या-टेकण्यावर अवलंबून असते. ते मंदावले की खूर आणि आतले हाड यांना बांधून ठेवणारे पडदे सुजतात, सुटू लागतात. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. जुलैमध्ये बार्बरोच्या मागच्या डाव्या खुराचा बहुतांश भाग कापावा लागला. पुढे तोच विकार पुढच्या पायांत उतरला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. आठ महिन्यांची झुंज, हाताशी खर्चाची तयारी असलेला मालक आणि नामांकित शल्यविशारद, तरीही हा शेवट.

आपल्याकडे डेहराडूनमध्ये १४ मार्च २०१६ रोजी मोर्चात जखमी झालेला पोलिस दलाचा शक्तिमान देशाने पाहिला. त्याचा मागचा पाय कापून कृत्रिम पाय बसविला गेला. २० एप्रिलला तो गेला. त्या प्रकरणात राजकारणाचीच चर्चा अधिक झाली. जखमी घोड्यासाठी जिल्ह्यात कोणती सोय असावी, याची फारशी झाली नाही.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडा पडला, तर पशुवैद्य काही मिनिटांत त्याच्याजवळ असतो. येवल्याच्या बाजारात, लग्नाच्या वरातीत किंवा टांग्याला जुंपलेला घोडा पडला, तर मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटरवर असते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे-तट्टांची संख्या सुमारे ३.४ लाखांवर आली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. संख्या घटली की त्यांचे उपचार जाणणारेही घटतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु त्यांचा मुख्य भार गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचा. त्यातच २ ऑगस्ट २०२७ रोजी सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. आखाड्यांच्या मिरवणुकांत घोडे असणारच, तेही गर्दीत आणि डांबरी रस्त्यावर. भाविकांसाठी रुग्णवाहिकांचा आराखडा होतो. घोड्यासाठी उताराची फळी असलेले एक वाहनही त्यात बसू शकते.

येथे मोठ्या शस्त्रक्रियागृहाची मागणी करणे हा भाबडेपणा ठरेल. घोडा वाचणार की नाही, हे पुष्कळदा पहिल्या तासातच ठरते आणि त्या तासाला लागणारे साहित्य साधे आहे. कापसाचे जाड थर, घट्ट पट्ट्या, बाहेरून लाकडाची फळी किंवा अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा पाइप. हाड कातडीबाहेर आलेले नसेल, तर ते आतच राहील याची काळजी घ्यायची. घोड्याला चालवायचे नाही. इलाज नाही असे ठरले, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमात वेदनामुक्तीची तरतूद आहे. तो निर्णय पशुवैद्याच्या तपासणीवर व्हावा, जमलेल्या गर्दीच्या सल्ल्याने नव्हे. आणि गाडीत चढवायचेच झाले, तर पुढचा पाय मोडलेल्या घोड्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करावे; म्हणजे ब्रेक लागताच त्याचा भार धडधाकट मागच्या पायांवर जातो.