पासिंगचा कागद आणि छोट्या हत्तीची तब्येत

सकाळी दहाच्या सुमारास भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून किंवा नाना पेठेतून एक फेरी मारली, की आपल्या धंद्याची चाके कोणती आहेत ते कळते. कोणी प्लायवूड भरतो आहे, कोणी लोखंडी जाळ्या बांधतो आहे, कोणी कपाट चढवतो आहे. गाडी मात्र बहुतेकांची एकच, टाटा एस, म्हणजेच आपला छोटा हत्ती. यांतील पुष्कळ गाड्या मालकाने शोरूममधून घेतलेल्या नसतात. त्या दुसऱ्या, तिसऱ्या हाताच्या असतात. नव्या गाडीचे भांडवल नसते, आणि व्याजाचे कर्ज नको म्हणून अनेक जण साठवलेले पैसे एकदम मोजून जुनी गाडी घेतात. म्हणूनच जुन्या गाडीचा सौदा चुकला तर नुकसान फक्त गाडीचे होत नाही. घरातली सारी पुंजी अडकते.

आमच्या ओळखीच्या एका फर्निचर कारागिराचे असेच झाले. नऊ वर्षांचा छोटा हत्ती त्यांनी एक लाख साठ हजार रोख देऊन घेतला. विकणाऱ्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "भाई, अकरा महिन्यांची पासिंग बाकी आहे, डोळे झाकून घ्या." त्यांनी खरोखरच डोळे झाकले. तिसऱ्या महिन्यात सागवानी पलंग घेऊन बोपदेव घाट चढताना इंजिन गरम होऊन गाडी बसली. इंजिन उघडावे लागले, क्लच प्लेट गेलेली निघाली, मागचे पाटे तुटायला आलेले होते. दुरुस्तीत पन्नास हजारांच्या वर गेले आणि ऐन लग्नसराईचा महिना हातचा गेला. पासिंगचा कागद मात्र शेवटपर्यंत बरोबर होता.

येथेच आपला गैरसमज आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे माल वा प्रवासी वाहतुकीच्या गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागते. ते नसेल तर गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांसाठी मिळते, त्यापुढे दर वर्षी घ्यावे लागते. खाजगी मोटारीची तर पहिली पंधरा वर्षे पीयूसीखेरीज अशी तपासणीच होत नाही. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, धूर, हॉर्न, रिफ्लेक्टर या गोष्टी पाहतात. गाडी रस्त्यावर इतरांच्या जिवावर उठणार नाही ना, एवढाच तिचा हेतू. इंजिनचे कॉम्प्रेशन किती उरले, क्लच किती झिजला, गिअर बॉक्स कधी उघडला, हे त्यात कोणी पाहत नाही. तात्पर्य, पासिंग म्हणजे त्या दिवसापुरता सुरक्षिततेचा दाखला. गाडी धंद्याला टिकेल याची ती हमी नव्हे.

त्यातही तपासणी किती मनापासून होते, हा प्रश्न उरतोच. पुण्यातील एका कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने या विषयात कडक भूमिका घेतली आणि ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे असे बजावले. पुण्याच्या गाड्यांसाठी दिवे घाटावरच्या ट्रॅकवर ब्रेक तपासणी सुरू झाली ती त्यानंतरच. २०१८ च्या सुरुवातीला नीट तपासणी न करता फिटनेस दिल्याबद्दल राज्यातील अनेक परिवहन अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. पण दोष एकट्या सरकारी खात्याचा नाही. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवणारे आणि परत आल्यावर उतरवणारे आपल्याच बाजारात आहेत.

आता गाडीविषयी. छोटा हत्ती ही वाईट गाडी आहे काय? आमच्या मते नाही. टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये ती बाजारात आणली. ती आखली गेली आपल्या पुण्यात, आणि पहिल्या गाड्याही येथेच तयार झाल्या. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, सोळा हॉर्सपॉवर, आणि भार पाऊण टन. साधे इंजिन, पेठेतल्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येणारे, आणि स्पेअर पार्ट नाना पेठेत हाताशी. २०१७ पर्यंत वीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या त्या उगीच नव्हेत. या गाडीचा खरा शत्रू तिचा मालकच. पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन लादायचे आणि वर पाटे जास्तीचे घालून घ्यायचे, ही आपली पद्धत. मग पाटे, क्लच, ब्रेक, किंगपिन आणि शेवटी चेसिस, एकेक करून सगळे बोलू लागते. एकाच वर्षाच्या दोन गाड्या घ्या. बेकरीचा माल वाहिलेली आणि वाळू-खडी वाहिलेली, दोघींच्या तब्येतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण दोघींच्या फिटनेसच्या कागदावर मजकूर एकच!

हा फरक खरेदीदाराला कसा कळावा? इतर देशांनी यावर उपाय काढला आहे. ब्रिटनमध्ये १९६० पासून मोटारींची सक्तीची तपासणी आहे, तिला तेथे एमओटी म्हणतात. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ती करावी लागते. तीतही इंजिन, क्लच, गिअर बॉक्स तपासत नाहीत. मात्र गाडी पास झाली की नापास, कशामुळे नापास, तेव्हा किती मैल चाललेली होती आणि कोणता भाग लवकरच बदलावा लागेल, हे सारे नोंदले जाते. गाडीचा नंबर टाकून कोणीही ते फुकट पाहू शकतो. दहा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्या की मालकाने गाडी कशी वापरली ते न बोलता कळते. मीटर मागे फिरवलेला असेल तर तोही उघडा पडतो. जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था दर वर्षी अहवालच काढते. कोणत्या मॉडेलच्या, किती वर्षांच्या, शेकडा किती गाड्या दोषी निघाल्या, हे त्यात छापलेले असते. तेथला ग्राहक जुनी गाडी घेण्यापूर्वी तो तक्ता पाहतो.

आपल्याकडे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. ही सोय चांगलीच आहे. पण मागच्या तपासणीत गाडी नापास झाली होती का आणि कशामुळे, हे तेथे दिसत नाही. यंत्रांनी तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. अशा केंद्रात ब्रेकचा जोर, धूर, दिव्यांचा झोत हे यंत्रच मोजते आणि आकडा संगणकात जातो. म्हणजे माहिती सरकारजवळ जमा होणारच. मग ती गाडीच्या नंबराप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे लोकांसमोर ठेवायला अडचण कसली? कोणी म्हणेल, लादलेल्या भाराचा दोष मॉडेलच्या माथी येईल आणि कंपनी विनाकारण बदनाम होईल. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच गाडीचे वय, चाललेले किलोमीटर आणि कामाचा प्रकार यांसह आकडे द्यावेत. पण बदनामीच्या भीतीने तराजूच झाकून ठेवायचा, हा न्याय नव्हे.

आपल्या व्यापारी संघटनांनी ही मागणी परिवहन आयुक्तांकडे लेखी करावी. मॉडेलवार किती गाड्या फिटनेसला नापास झाल्या, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारायलाही काही हरकत नाही.

तोपर्यंत खरेदी करणाऱ्यांनी निदान एवढे करावे. गाडी भल्या सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते आहे. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडले आणि जोराने वाफ बाहेर आली, तर इंजिनचे काम जवळ आले समजावे. रिकाम्या गाडीत चक्कर मारू नये. कायदेशीर भार घालून घाटाचा चढ चढवावा आणि उतारावर ब्रेक पाहावा. चेसिसला वेल्डिंग, पाट्यांची जास्तीची पाने आणि एका बाजूने झिजलेले टायर दिसले तर कारण विचारावे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते तपासावे. आणि स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. मिस्त्रीला दिलेले चारपाचशे रुपये वाया जात नाहीत.

विकणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. गाडीच्या कामाची एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय बदलले ते लिहा आणि विकताना ती वही गाडीबरोबर द्या. धान्याच्या ढिगात खालचा ओला भाग लपवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाडीचा क्लच काही त्या धान्याहून वेगळा नाही. ऐब सांगून विकलेल्या गाडीचे दहा हजार कमी येतील. पण तोच गिऱ्हाईक पुढची गाडी घ्यायला तुमच्याच दारात येईल, आणि त्या सौद्यात बरकत असेल.