९० टक्के? कशाचे?

२६ जून झाला. शाहू महाराजांची जयंती आणि अमली पदार्थविरोधी दिन एकाच दिवशी येतात, त्यामुळे चौकाचौकात फ्लेक्स लागले. त्यात व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती, आणि खाली ठळक अक्षरांत ‘९० टक्के यशाची परंपरा’. फ्लेक्स आठवडाभरात उतरतात. आकडा मात्र डोक्यात राहतो आणि त्याच्या भरवशावर बायका मंगळसूत्र गहाण टाकतात. म्हणून लिहितोय. सेवाभावी मंडळींना राग येईल. येऊ दे.

माझा प्रश्न साधा आहे. ९० टक्के म्हणजे कितीपैकी किती?

समजा, वर्षभरात १०० जण दाखल झाले. ३० जण मुदतीआधीच गेले. कुणाचे पैसे संपले, कुणी भिंतीवरून उडी मारली. उरले ७०. वर्षाने फोन केले, लागले ५०. त्यातले ४५ म्हणाले, “सोडली साहेब, केव्हाच.” पन्नासात पंचेचाळीस, झाले ९० टक्के! यात खोटं कुणीच बोललं नाही. पण दारातून आत गेलेले १०० होते, आणि ‘सोडली’ म्हणणारे ४५. तेही फोनवर, ज्याने उपचार केले त्याच समुपदेशकाला. त्याला कोण सांगणार, काल घेतली म्हणून? आणि ज्या २० जणांचा फोन लागला नाही त्यांचं काय? काही पुन्हा पिताहेत, काही ऊसतोडीला गेलेत, काही मेलेत. मेलेल्या माणसाचा फोन लागत नाही, म्हणून तो टक्केवारीत येत नाही.

यावर उत्तर ठरलेलं: “४५ तर ४५, तेवढे संसार वाचले ना?” वाचले. पण केंद्रामुळे वाचले का? माणूस केंद्रात कधी येतो? नोकरी गेली, बायको माहेरी गेली, रक्ताची उलटी झाली की. म्हणजे अगदी तळाला गेल्यावर. तिथून काही जण आपोआपच थोडे वर येतात. त्यांचं श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं?

हे तपासायची रीत आहे, आणि ती बघायला परदेशात जायला नको. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारूने त्रास सुरू झालेल्या सुमारे पावणेचारशे पुरुषांवर अभ्यास केला. २०१७ साली तो ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. कुणाला समुपदेशन मिळेल आणि कुणाला फक्त डॉक्टरांचा सल्ला, हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. समुपदेशकही बड्या पदव्यांचे नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी जे तपासायला गेले, त्यांना कोण कुठल्या गटातला हे सांगितलेलं नव्हतं. निकाल असा: समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के.

तो २६ चा आकडा परत वाचा. समुपदेशन नाही, तरी चारातला एक सुधारला. तुलनेचा गटच नसता तर ‘३६ टक्के यश’ असा फ्लेक्स लावता आला असता. फरक पडला तो दहाचा, आणि तेवढाच त्यांनी सांगितला. बरं, हे लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते. केंद्रात येणारे त्याहून अवघड. आणि आमच्याकडे ९०!

“आम्ही सेवा करतो, संशोधन हे विद्यापीठाचं काम,” हे तर मी कित्येकदा ऐकलंय. माझं म्हणणं, मग टक्केवारी लिहू नका. लिहायची असेल तर मोजायला शिका. कारण या आकड्याची किंमत पुन्हा प्यायलेला माणूस मोजतो. रिलॅप्स हा या आजाराचाच भाग आहे, हे प्रत्येक समुपदेशक पहिल्या दिवशी शिकतो. पण फ्लेक्सवर ९० वाचलेल्या घराला वाटतं, सगळ्यांची सुटते, आपलाच नालायक. तो लाजेने परत केंद्राची पायरी चढत नाही. साखर वाढली म्हणून डॉक्टर कुणाला हाकलतात का?

आधीच उपचारापर्यंत पोचतात किती? केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात, असं त्यात आहे. तो एकही आपण खोट्या आकड्याने परत पाठवायचा?

कुणी म्हणेल, पंढरीची माळ घातली की सुटते, तिथे कुठलं संशोधन? सुटत असेल, मला आनंदच आहे. पण माळ घालून पुन्हा प्यायलेल्यांची वही तरी कुणी ठेवलीये?

वहीच तर मागतोय. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्या आधारे दाखल होताना नोंद करा, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी पुन्हा. विचारणारा उपचार करणारा नसावा. घरातल्या एकाला वेगळं विचारा. भागाकार दाखल झालेल्या सगळ्यांवर करा. जो सापडला नाही तो सुधारला असं धरू नका. हे समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हवं, म्हणजे उद्या कुणी ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापलेली पुडी घेऊन केंद्रात आला तर ते विचारतील: किती जणांवर, कुणाशी तुलना करून, किती महिने, आणि पैसे कुणाचे?

तालुक्यातल्या ज्या केंद्राने अशी वर्षभराची वही ठेवली, त्याची बातमी मी करतो, केंद्राच्या नावानिशी. आकडा २८ निघाला तरी.