कंदाहार आठवतं, काठमांडू विसरतो

कंदाहार म्हटलं की आपल्याला तालिबान आठवतात, तीन अतिरेक्यांची सुटका आठवते. पण २४ डिसेंबर १९९९ ला आयसी ८१४ मध्ये अपहरणकर्ते हत्यारं घेऊन चढले ते काठमांडूला. विमान आपलं, प्रवासी बहुतेक आपले, तपासणी मात्र नेपाळची. म्हणूनच दुबळ्या देशांच्या विमानतळ-सुरक्षेला मदत करायची म्हटली की 'आपला पैसा त्यांच्यावर कशाला?' हा जो सूर लागतो, तो मला पटत नाही.

प्रश्न आहे तो मदत कसली, हा. २ फेब्रुवारी २०१६ ला मोगादिशूहून उडालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात बॉम्ब फुटला. विमान अजून फार उंचीवर गेलं नव्हतं म्हणून परत उतरू शकलं. मेला तो बॉम्बवालाच. नंतर सीसीटीव्हीत दिसलं, लॅपटॉपसारखी वस्तू त्याच्या हाती दिली होती ती विमानतळावरच्याच माणसांनी. आता यात स्कॅनर काय करणार?

त्याच वर्षी सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २३०९ एकमताने मंजूर केला. गरजू देशांना प्रशिक्षण द्या, तंत्रज्ञान द्या, वगैरे. छान. पण कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं, वर्षभराने पुन्हा जाऊन न सांगता तपासणी करणं, हे कंटाळवाणं काम कोण करणार? घेणाऱ्या देशाला ती ढवळाढवळ वाटते आणि देणाऱ्याला त्यात फीत कापायला मिळत नाही!

भारताने शेजाऱ्यांना यंत्रं जरूर द्यावीत. पण ती चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि निदान पाच वर्षांची देखभाल यांचा खर्च त्याच करारात लिहून द्यावा.